उन्नतीनं सोडलेला कांदा

माझ्या उन्नतीचं पुढं कसं व्हायचं, ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही. पोरीला स्वतःचं म्हणून काही धरूनच ठेवता येत नाही. शाळेत खिडकीजवळची जागा, लग्नात गरम पुरी, आता रविवारची सुट्टी, सगळं दुसऱ्याला.

ती फिजिओथेरपिस्ट आहे. गेल्या श्रावणात दर्पण कॉलनीतल्या शरयूबाईंच्या मोडलेल्या खुब्याला व्यायाम द्यायला गेली. आम्ही ख्रिस्ती; बाई ब्राह्मण, ऐंशीच्या, मुलगा परदेशी. रात्री एकट्या असतात म्हणून ही तिकडेच राहायला गेली. त्या घरात कांदा-लसूण शिजत नव्हतं, म्हणून हिनंही सोडलं. मटण, अंडी त्याआधीच.

मी चिडले. "अगं, बाहेर खात जा. तेवढा तर हक्क आहे तुझा!"

"मम्मी, वास येतो ना! आजींना हात धरून चालवायचं असतं. प्रभूनं आपला कुठलाच हक्क धरून ठेवला नाही, आणि मी कांदा धरून बसू?"

"प्रभूच्या आईला काय वाटलं, ते विचारलंस कधी?"

तिचे पप्पा म्हणाले, "प्रार्थनेत तूच मागितलंस ना, लेकीला सेवेत वापर म्हणून?"

"वापर म्हटलं होतं. वाळव नव्हतं म्हटलं!"

आठ महिने गेले. परवा तिनं कळवलं, ईस्टरलाही जेवायला येणार नाही. मटणाच्या ताटावरून उठून आजींकडे कशी जाऊ? मग मात्र मी ऑटो केली आणि थेट शरयूबाईंकडे गेले, एका दिवसापुरती लेक मागायला. उन्नती कामावर होती.

मी तोंड उघडायच्या आत बाईच कुजबुजल्या, "उन्नतीच्या आई, राग तर नाही ना येणार? तुमच्या धर्मात कांदा कायमचाच वर्ज्य का हो?"

"छे! तुमच्याकडे चालत नाही म्हणून तिनं सोडला."

"अहो, आमचं ते चातुर्मासापुरतं! कार्तिकात संपलंसुद्धा. पण पोर शिवत नाही, मग तिच्यासमोर आपण कसं खायचं? भजी स्वप्नात येतात हो माझ्या."

मी त्यांचाच वॉकर धरून हसत बसले. "आणि तिच्या अंगाला मटणाचा वास आला तर?"

"माझं नाक जाऊन दहा वर्षं झाली! पण तिला काही सांगू नका हं. एवढं मनापासून सोडलंय तिनं. माझं काय, चाललंय."

म्हणजे आता ह्यासुद्धा! लेक मागायला गेलेली मी, न मागताच परत आले.

तेव्हापासून विचार करतेय. गप्प बसले तर दोघी एकमेकींसाठी जन्मभर अळणी जेवतील. सांगितलं तर उन्नती आधी ओशाळेल, मग माझ्यावरच चिडेल. चिडू दे. ईस्टरच्या मटणाचा बेत मी रद्द केलाय. शरयूबाईंना आमच्या टेबलावर परकं वाटायला नको. तिच्या पप्पांनी हाय खाल्लीय, पण ते सावरतील.

सकाळी सहाला, ती आजींना फिरवायला निघण्याआधी, उन्नतीला फोन करणार आहे. सगळं सांगणार. आणि म्हणणार, रविवारी आजींना घेऊनच ये. भजीचा पहिला घाणा तुम्ही दोघींनी माझ्यासमोर बसून खायचा.