उताराच्या माथ्यावरचं घर

अक्का गेल्यावर वर्षभर मी उचगावच्या आमच्या दोन खोल्यांत एकटी राहिले. आम्ही दोघी बहिणी, दोघीही शिक्षिका, दोघीही बिनलग्नाच्या. ती मराठी शिकवायची, मी भूगोल. निवृत्त झालो की आजऱ्याकडं एखादं लहानसं घर घ्यायचं, हा बेत तिचा. वडिलांची बदली झाली तेव्हा लहानपणी दोन वर्षं आम्ही तिकडं राहिलो होतो, तेवढंच आमचं त्या भागाशी नातं. पण कुणाच्या लग्नाला, बारशाला जाऊन परत येताना एसटीत ती त्या घराचंच बोलत बसायची. पुढं बसायला सोपा पाहिजे, मागं भाजी लावायला परडं पाहिजे, शेजारी गोंगाट नको. मी खिडकीबाहेर बघत हं हं करायचे. मग ती आजारी पडली, आणि घराचं बोलणं आपोआप थांबलं.

वर्षश्राद्ध झाल्यानंतरची गोष्ट. एके दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या की पाणी आलंय का. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. घसा खाकरून बोलले. दार लावल्यावर लक्षात आलं की आदल्या दिवसापासून मी एक शब्दही बोलले नव्हते. खाली रस्त्यावर कारखान्याची पाळी सुटली होती, दुचाक्यांचा नुसता कालवा चालला होता. इतक्या माणसांत जर मुकं राहायचं, तर मग डोंगरात जाऊन का राहू नये, असा विचार मी केला. त्यात किती अर्थ होता हे तेव्हा मला कळत नव्हतं.

एका जुन्या विद्यार्थिनीच्या काकांचं घर विकायचं होतं. आजऱ्याच्या पलीकडं, मुख्य रस्ता सोडून वर चढत गेलं की एक वाडी लागते, आणि वाडीच्याही वर, डोंगराच्या सोंडेवर ते एकटं घर. मालक पुण्याला. दिवाळी होऊन गेल्यावर मी ते बघायला गेले. दोन खोल्या, पुढं सोपा, वर मंगलोरी कौलं. सोप्यात उभं राहिलं की पश्चिमेकडं डोंगर खाली ओढ्यापर्यंत उतरत गेलेला, आणि त्या अख्ख्या उतारावर कमरेएवढं गवत. नुकतंच पिकायला लागलेलं, वाऱ्यानं एका अंगाला कलंडणारं. दोन्ही बाजूंना काजूची झाडं. मी पायरीवर बसले ती तासभर उठले नाही. मनात घर घेऊनसुद्धा टाकलं.

तेवढ्यात हातात कोयता घेतलेला एक म्हातारा माणूस काजूतून वर आला. सत्तरीचा असेल. अंगानं काटक, डोक्याला मळका टॉवेल. "पावणं, कुठनं आलासा?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. शिक्षिका होते म्हटल्यावर त्यानं पावणं सोडून बाई म्हणायला सुरुवात केली, आणि मी त्याला मामा म्हणायला लागले. तो एका शेतापलीकडं खोपीत एकटाच राहायचा. बायको वारलेली, मुलगी इचलकरंजीला दिलेली. उमेदीतली कितीतरी वर्षं त्यानं उन्हाळ्यात जंगलखात्याकडं रोजंदारीवर वणव्यापासून जंगलाची राखण केली होती. त्यानं मला कोरा चहा पाजला आणि घराबद्दल काय वाटतं ते विचारलं. मी म्हटलं, स्वर्ग आहे. त्यावर तो म्हणाला, "आत्ता बघून ठरवू नका, बाई. शिमग्याला या. मग बघा डोंगर."

मला वाटलं, दुसरं कुणी गिऱ्हाईक त्याच्या मनात असेल.

पण शिक्षकाची खोड जात नाही. पौष महिन्यात मी पुन्हा गेले ती वही घेऊनच. आता गवत वाळून पिवळं कडक झालं होतं, पायाखाली करकरत होतं. मामानं मला घराभोवती फिरवलं. सोप्यासमोरच्या आंब्याच्या बुंध्यावर त्यानं हात ठेवला. तळापासून छातीएवढ्या उंचीपर्यंत साल काळी होती. वणवा इथवर आलता, तो म्हणाला. कधी, ते त्याला नेमकं सांगता येईना, पण त्या वर्षी घराचा मागचा गोठा गेला होता. वाडीतल्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला की डोंगर तर दर वर्षी पेटतो, त्यात काय विशेष. मालकानं फोनवर सांगितलं की त्याच्या वडिलांच्या काळापासून घराला कधी झळ लागलेली नाही. गोठ्याचं विचारल्यावर तो म्हणाला, गोठा म्हणजे काही घर नव्हे.

मी पायरीवर बसून वहीत नकाशा काढला. उतार पश्चिमेला. दुपारी दरीतली हवा तापते आणि उतारानं वर चढते, हे मी तीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. दरीय वारे, पाचव्या प्रश्नात हमखास. आग त्याच हवेबरोबर वर येणार, आणि चढावर ती सपाटीपेक्षा जोरात पळते. घर बरोबर माथ्यावर. यायला जायला रस्ता एकच, तोही त्याच गवतातून. विहिरीचं पाणी माघानंतर तळाला जातं. भिंतीला लागून जळण रचलेलं, त्याच्या शेजारी गवताची गंजी, आणि वरून विजेच्या तारा अशा लोंबलेल्या की वाऱ्यानं एकमेकींना लागाव्यात. कुणी परीक्षेत हा नकाशा देऊन विचारलं असतं की घर कुठं बांधू नये, तर मी याच जागेवर फुली मारली असती.

तरी मला ते घर हवं होतं. गंजी हलवता येईल, जळण लांब ठेवता येईल, घराभोवती पंधरा पावलं गवत कापून जमीन उघडी करता येईल, अशी माझीच मी समजूत घालत होते. मामा दर वर्षी उतारावर आडवा पट्टा कापून काढायचा, जाळपट्टा म्हणतात त्याला, म्हणजे खालून आलेली आग तिथं उपाशी मरते. कुणी सांगितलेलं नसताना, कुणी मजुरी देत नसताना. तो पट्टा बघून मला फार धीर आला. मामा आहे ना, असं मनात आलं. आणि खरं सांगायचं तर पौष-माघात दर पंधरवड्याला जाऊन जाऊन त्याच्या चहाचीही सवय लागली होती. तो फार बोलत नसे, पण मी बोललेलं ऐकत असे. परत निघताना तो वाडीपर्यंत पोचवायला येई. वाटेत एकदा त्यानं विचारलं होतं की शाळेत पोरींना मारायला लागायचं का. नाही म्हटल्यावर, बरं झालं, म्हणाला.

शिमग्याच्या आधी चार दिवस मी पुन्हा गेले. विसार द्यायचं ठरवूनच गेले होते. मामा काजूखाली बोंडं बाजूला करून बिया वेचत होता. मीही वेचायला बसले. दुपारचे तीन वाजले असतील. तो एकदम ताठ उभा राहिला आणि खाली ओढ्याकडं बघायला लागला. मला काहीच दिसलं नाही, मग ओढ्याच्या काठाशी धुराची एक सरळ रेघ दिसली. कुणीतरी बांध पेटवला होता. बघता बघता ती रेघ वाकडी झाली आणि आमच्या दिशेनं झुकली.

तो मला म्हणाला की वाटेनं लगेच खाली वाडीत जा. मी वाटेकडं बघितलं. वाट त्या धुराच्या बाजूनंच उतरत होती. मी जात नाही म्हटलं. त्यानं हुज्जत घातली नाही. जांभळीच्या दोन ओल्या डहाळ्या तोडल्या, एक माझ्या हातात दिली, आणि आम्ही त्याच्या पट्ट्यापाशी पळालो. पट्ट्याच्या खालच्या कडेनं तो काडेपेटीनं गवत पेटवत चालला. त्यानंच आग लावलेली बघून, हे काय करताय, म्हणून मी ओरडले. मग कळलं की खालची आग वर पोचण्याआधी मधलं गवत आपणच जाळून संपवायचं. माझं काम एवढंच, की पट्टा ओलांडून वरच्या बाजूला ठिणगी पडली तर ती डहाळीनं बडवून मारायची.

पदर खोचून मी बडवत राहिले. आगीला एवढा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. चिव्याचा बांबू फुटावा तसे फाडफाड आवाज, आणि त्याखाली घोंगावणं. तोंड भाजून निघत होतं, डोळ्यांतून पाणी, श्वास घेतला की धूर. मध्येच एक ससा माझ्या पायांजवळून वर पळाला. किती वेळ गेला कळलं नाही. वाडीतली पाच-सहा माणसं डहाळ्या घेऊन वर आली तेव्हा दोन्ही आगी एकमेकींना भिडून थंड झाल्या होत्या. घर वाचलं. पण आग दक्षिणेच्या अंगानं वळसा घालून मामाच्या काजूत शिरली होती. आम्ही तासापूर्वी जिथं बिया वेचत होतो ती ओळ मोहरासकट करपून गेली.

माणसं खाली गेली. आम्ही दोघं सोप्यात बसलो. त्यानं मला तांब्याभर पाणी दिलं, आणि काजूंकडं पाठ करून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "घरी कळवा की. धूर लांबनं दिसतोय. काळजी करत असतील."

मी पिशवीतून फोन काढला. काढून हातात तसाच धरला. कळवायचं म्हणजे कुणाला, ते मला सुचेना. विद्यार्थिनीला कळवलं असतं तर तिला उगीच अपराधी वाटलं असतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा नंबर माझ्याकडं नव्हता. मी म्हटलं, मामा, कळवण्यासारखं घरी कुणी नाही.

त्यानं माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं. मग म्हणाला, "आग इझवायला पाणी न्हाय लागत, बाई. माणसं लागत्यात. हे घर घेऊ नका."

तुम्ही तर एकटेच राहता की, मी म्हटलं. आणि मी आले तर आपण दोघं होऊ.

"तेच तर म्हणतोय. माझ्या भरवशावर घेताय तुमी. मी किती दीस हाय?"

त्याला सोबत नको होती असं मुळीच नव्हतं. माझी एसटी यायच्या दिवशी तो वाडीच्या वळणावर येऊन उभा असायचा, हे दुकानदारानं मला सांगितलं होतं. त्या डोंगरावर माझ्या येण्यानं कुणाचा फायदा होणार असेल तर तो त्याचा एकट्याचा. आणि त्यानंच मला परत पाठवलं. त्या संध्याकाळी शेवटच्या गाडीत मी धुराचा वास येणाऱ्या साडीत बसले होते. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला आणि जागा बदलली.

पुढच्या वर्षी मी वाडीतच घर घेतलं. दोन घरांच्या मध्ये आहे, भिंतीला भिंत. पुढं डांबरी रस्ता, पलीकडं भाताची खाचरं, पाण्याची टाकी शंभर पावलांवर. खिडकीतून समोरच्या घराची मोरी दिसते, बाकी काही नाही. वणव्याच्या हिशेबानं बघितलं तर यापेक्षा सुरक्षित घर त्या भागात मिळायचं नाही. शेजारी चांगले आहेत. सणाला वाटीतून काही तरी येतं, मी वाटी भरून परत करते. पण त्यांची घरं भरलेली आहेत, बोलणी आपापसांतली, आणि मी आयुष्यभर वर्गासमोर बोलत आलेली बाई. ओट्यावर बसून बोलायचं मला अजून नीट जमत नाही. इथंही कधी कधी दिवस तसाच मुका जातो.

घरभरणीच्या दिवशी मामा खाली आला होता. जेवायच्या आधी त्यानं घराला एक फेरी मारली आणि मागच्या भिंतीला लावलेली लाकडं स्वतः उचलून परड्याच्या टोकाला नेऊन ठेवली. पाहुणे हसले. मी हसले नाही.

त्यानंतर दोन उन्हाळे तो वर होता. मी आठवड्यातून एकदा वर जायचे, दोघं चहा प्यायचो, करपलेल्या ओळीतली दोन झाडं बुडातून फुटलेली त्यानं मला दाखवली. मग गेल्या पावसाळ्यात पाय घसरून तो पडला, मांडीचं हाड मोडलं आणि मुलगी येऊन त्याला इचलकरंजीला घेऊन गेली. डोंगरावरच्या घराला अजून गिऱ्हाईक नाही. खोपीला कुलूप आहे. पट्टा कापण्याबद्दल मी ग्रामसभेत दोनदा उठून बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा विषय निघाला. मग मी दोन बायका सोबत घेऊन गेले आणि वाटेच्या कडेचा जमेल तेवढा तुकडा कापला. मामाच्या पट्ट्याच्या पावपटही झाला नाही.

तो रविवारी फोन करतो. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली यंत्रमागांची खडखड चालू असते, त्यामुळं त्याला मोठ्यानं बोलावं लागतं. माझी तब्येत विचारतो, वाडीतलं विचारतो. मग विचारतो की गवत किती झालंय.

परवा मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, कमरेच्या वर गेलंय, मामा, आणि वाळायला लागलंय. बराच वेळ नुसती मागांची खडखड ऐकू येत राहिली. मला वाटलं फोन तुटला. मी ठेवणार तेवढ्यात त्यानं विचारलं की वारं कुठनं येतंय. मी फोन घेऊन रस्त्यावर गेले, जरा वेळ उभी राहिले, आणि त्याला सांगितलं.