वैद्य सरांचं प्रथिन

शिकवायला लागण्याआधी वैद्य सर खिडक्यांना काळे कागद लावून घेत आणि प्रत्येकाच्या हाती लाल-निळ्या जिलेटिन कागदाचा चष्मा देत. मग लखनौच्या आमच्या कॉलेजातल्या एकुलत्या एक रंगीत संगणकावर प्रथिनाचा रेणू फिरू लागे. पडद्यातून पुढे आल्यासारखा, हात लावावा असा. तोवर जीवरसायनशास्त्र आम्ही नुसतं पाठ करत होतो.

"आकार बिघडला की स्वभाव बिघडतो," सर म्हणत. शिकवणं सगळं हिंदीत, पण हे वाक्य मराठीतच येई, आणि मग ते माझ्याकडे बघत, मी इतरांना अर्थ सांगावा म्हणून. सर नागपूरचे. वर्गात मराठी मी एकटीच. वडील सैन्यात, घर छावणीजवळ, तेलीबागेत.

एकदा शिकवताना त्यांच्या पायातली चप्पल निसटली. ते तसेच फळ्यापर्यंत गेले.

"सर, चप्पल."

त्यांनी खाली पाहिलं, बराच वेळ. "अच्छा," एवढंच म्हणाले.

थंडीत हीटरने पाय भाजला, ते त्यांना मोजा जळल्याच्या वासाने कळलं. पुढे बोटंही बधिर झाली आणि माउस माझ्याकडे आला. "डावीकडे. अजून. बस."

त्याच सुमारास त्यांनी एक नवं प्रथिन दाखवलं. चार सारख्या तुकड्यांचं, देखणं. प्रत्येक तुकड्यात एकच दुवा बदललेला.

"इसी से ये टूटता है. टुकड़े नसों में जमते हैं. पहले पैर सुन्न होते हैं."

"किसका है, सर?" कुणीतरी विचारलं.

"मेरे पिताजी का था. बड़े भाई का. अब मेरा."

त्यांची लखनौतच वाढलेली, हिंदीच बोलणारी मुलगी अनघा त्यांना घरी न्यायला येऊन मागे बसली होती. तिने शांतपणे विचारलं, "पापा, मुझमें भी?"

"हो सकता है, बेटा. आधा-आधा समझो." मग मला म्हणाले, "फिरव."

मी माउस सरकवला.

सत्र संपल्यावर ते कायमचे नागपूरला निघाले. स्टेशनवर अनघा मला बाजूला घेऊन म्हणाली, "पापा कहते हैं, अपने खून में मत देखना. ज़िंदगी भर सबको दिखाया, मुझे मना करते हैं."

वर्षभराने सर गेल्याचं तिनेच फोनवर कळवलं. मग म्हणाली, "दीदी, शादी तय हुई है. खून की जाँच करवा रही हूँ. उसे अँधेरे में नहीं रखूँगी."

त्यानंतर ती मला अधूनमधून फोन करते. निकाल काय आला, ते तिने कधी सांगितलं नाही. मला विचारवलं नाही.