चिकटवलेल्या अठरा मशिनी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. आणि गोष्ट तरी केवढीशी? ऐकाल तर कदाचित हसाल — कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावायच्या पेस्टची.

आधी ती पेस्ट काय असते ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. प्रोसेसर चालताना तापतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो — हीटसिंक — आणि त्यावर पंखा. या दोघांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारी फट राहते. ती भरून काढायला तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवायची, वरून हीटसिंक दाबायची, स्क्रू आवळायचे. दोनतीन वर्षांत पेस्ट वाळते, मशीन तापते आणि चालता चालता बंद पडते. मग जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसून नवी लावायची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर हे काम टाळून चालतच नाही.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. कायम नोकरीत. माझ्यासोबत प्रमोद होता — कंत्राटी. दर जूनला त्याची नवी ऑर्डर निघायची, निघाली की पेढे आणायचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, मूर्तिजापूरहून रोज रेल्वेनं यायचा. त्याच्या हाताची काय गोष्ट सांगू? बोलता बोलता प्रोसेसर काढायचा, पुसायचा, परत बसवायचा, आणि समोरच्याला वाटायचं अजून सुरुवात व्हायचीय. माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला होता. मला ते माहीत होतं, आणि ते मला आवडत नव्हतं — हेही सांगून टाकतो, आता लपवून काय करू?

त्या वर्षी मे महिन्यात लॅबच्या छत्तीसही मशिनींना नवी पेस्ट लावायचं ठरलं. पेस्ट निवडायचं काम मी अंगावर घेतलं. तीन दिवस मोबाईलवर वाचत बसलो — कुठली किती घट्ट, कुठली किती दिवस टिकते, कुठली कुठे लावायची. प्रमोद म्हणाला, "भाऊ, आपली नेहमीची करडीच आन ना. नवीन काहून पाह्यतं?" मी सगळ्यांसमोर हसलो. म्हणालो, "जमाना कुठं चालला अन् तू कुठं बसला बे!" आणि मी नवी मागवली. पांढरी, बारक्या नळ्यांमध्ये.

नळ्या आल्या तेव्हा प्रमोदनं एक उघडून बोटांत चोळून पाहिली, नाक मुरडलं आणि म्हणाला, मी माझ्या लाइनीत जुनीच लावतो, कपाटात दोन डब्या आहेत. मी म्हटलं, लाव. एक ते अठरा नंबर मी केले, एकोणीस ते छत्तीस त्यानं. दोन दिवसांत लॅब तयार. विभागप्रमुख मॅडमनी स्टाफ मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं.

पंधरा दिवसांनी सात नंबरचा पंखा वाजायला लागला. मी एकटाच होतो. हीटसिंक काढायला गेलो तर निघेना. मशीन चालू ठेवून गरम केली, हळूहळू पिळून पाहिली — हलेना. मग मी कपाटातून रिकामी नळी काढली, चष्मा लावला, आणि तिच्या घडीजवळची मुंगीएवढी अक्षरं पहिल्यांदा वाचली. ती पेस्ट नव्हती. तो गोंद होता. हीटसिंक कायमची चिकटवण्यासाठीचा. तो जिथे लावायचा असतो तिथे परत कधी उघडायचं नसतं. मी तो अठरा प्रोसेसरांवर लावून ठेवला होता.

मी तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? मी कायम नोकरीतला माणूस. एक मेमो. मॅडमची चार वाक्यं. आणि प्रमोदचं हसणं — तेवढंच. माझी भाकरी जाणार नव्हती की घर बसणार नव्हतं. तरी मी नळ्या गोळा केल्या, डब्याच्या पिशवीत घातल्या आणि घरी जाताना राजापेठेकडच्या एका कचराकुंडीत टाकल्या. सात नंबरचा पंखा हीटसिंक न काढता वरच्या वर बदलला. हसू चुकवायला एवढं करतो माणूस? मी केलं.

दिवाळीनंतर माझ्या मेव्हणीचं लग्न निघालं, अंजनगाव सुर्जीला, मुलाकडच्यांच्या गावी. चार दिवसांची रजा टाकली. निघताना प्रमोद लॅबच्या दारात उभा होता. मला त्याला एवढंच सांगायचं होतं — माझ्या लाइनीतल्या मशिनी उघडू नको. सहा शब्दही झाले नसते. पण त्यानं 'काहून?' विचारलं असतं. मी म्हणालो, "येतो गा." आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी अकरा नंबर तापून बंद पडली. विभागाचं परीक्षेचं काम तिच्यावरच चालायचं, आणि त्या आठवड्यात प्रॅक्टिकल होतं. प्रमोदनं ती उघडली. आमच्या मशिनींमधल्या प्रोसेसरला खालून केसांसारख्या बारीक पिना असतात. त्यानं हीटसिंक उचलली तर तिला चिकटून प्रोसेसरच उपसून आला — पिना वाकलेल्या, काही तुटलेल्या, खालचं सॉकेटही गेलं. प्रॅक्टिकल पुढे ढकलावं लागलं. बाहेरगावचे परीक्षक तसेच परत गेले, आणि प्राचार्यांची सगळ्यांदेखत शोभा झाली.

मी परत आलो तेव्हा प्रमोद ती हीटसिंक हातात घेऊन बसला होता. म्हणाला, "भाऊ, मी जोर नाई लावला गा. तुले खोटं काहून सांगीन? नुसतं उचललं आन् हातात आलं." पेस्ट वाळून घट्ट झाली की असं होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं, ही नवी पेस्ट लवकर वाळली, तेच झालं. आपण आधी मशीन पुरेशी गरम केली नाही, घाई केली. काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "थोडी पिळून काढायची असते ना रे." ते त्यानंच मला शिकवलं होतं.

चौकशीला तीन जण बसले. मला बोलावलं, तुम्ही जाणकार आहात, लेखी द्या म्हणाले. मी माझ्या हातानं लिहिलं — काढताना अवाजवी जोर लावल्यामुळे नुकसान झाले असावे. खाली सही केली. जूनमध्ये प्रमोदची ऑर्डर निघाली नाही. जाताना तो मला भेटायला आला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, तू खरं तेच लिहिलं, तुझं काय चुकलं?

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. इथे तर मी अडकलो.

कारण सतरा मशिनी तशाच उभ्या होत्या. कुणीही, कधीही, एक जरी उघडली, तरी हाच प्रकार. एक गेली तर हाताची चूक म्हणता येते, दुसरी-तिसरी गेली की लोक विचारतात, ही लाइन कुणी केली होती? म्हणून मी त्यांच्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या — 'परवानगीशिवाय उघडू नये.' परवानगी माझी. लॅबची किल्ली माझ्या खिशात. मी रजा घेणं सोडलं. ताप असला तरी जायचो. मे महिन्यात डेझर्ट कूलर माझ्याच लाइनीकडे तोंड करून लावायचो. पोरं दुसऱ्या बाजूला घामानं भिजायची, आणि मी त्यांना सांगायचो, या जुन्या मशिनी आहेत, जपाव्या लागतात.

अकोल्याच्या आमच्याच संस्थेच्या कॉलेजात बढती मिळत होती. बायकोचं माहेर तिथलं, तिची आई थकलेली. तिनं हात जोडायचं तेवढं बाकी ठेवलं. "काहून नाई म्हणून राहिले तुमी? कोनं बांधून ठेवलं तुमाले त्या लॅबमंदी?" मी म्हणालो, तिथली हवा मानवत नाही. अमरावती आणि अकोल्याच्या हवेत असा काय फरक आहे हो? ती आठ दिवस बोलली नाही. पण चार्ज द्यायचा म्हणजे मशिनी मोजून, तपासून द्याव्या लागतात. मी कसा जाणार होतो?

एक नवीन मॅडम आल्या होत्या. कामाची हौस होती त्यांना. एकदा त्यांनी पाच नंबरच्या बाजूचे स्क्रू काढले. मी वर्गभर पोरांसमोर त्यांना असा ओरडलो की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दुसरी लॅब मागून घेतली. लोक म्हणायचे, फार कडक माणूस आहे, पण मशिनींवर जीव आहे त्याचा. मी ते ऐकून घ्यायचो. दर वर्षी नव्या पोरांना पेस्ट निवडायची कशी हेसुद्धा शिकवायचो — नळीवरची अक्षरं वाचा, पहिले वाचा, मग उघडा. हे मी सांगत होतो. कसं सांगू शकत होतो, मला कळत नाही.

प्रमोदनं अकोल्यात दुकान टाकलं होतं. एकदा लग्नाच्या निमित्तानं गेलो तेव्हा जाऊन आलो. प्रिंटरची शाई, कीबोर्ड, कॅमेऱ्यांच्या वायरी. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक आलं, मशीन तापते म्हणालं. प्रमोदनं त्याला शेजारच्या गल्लीतलं दुकान सांगितलं. मी विचारलं, तू का नाही करत? तो स्वतःच्या हातांकडे पाहत म्हणाला, "नाई भाऊ. प्रोसेसरचं काम सोडलं म्या. हात जड झाला माहा. लोकायच्या मशिनी कशाले बिघडवू?" मी त्यानं मागवलेला चहा प्यालो. दुसरा कपही प्यालो. बसमध्ये बसल्यावर मला स्वतःची किळस आली, आणि बडनेरा येईपर्यंत मी ती आवरूनही टाकली.

हे सगळं नऊ वर्षं चाललं. मग मशिनी जुन्या झाल्या म्हणून कॉलेजनं भंगारात काढल्या. टेम्पो भरून गेला त्या दिवशी मी रिकाम्या लॅबमध्ये खुर्चीवर बसून राहिलो. सुटलो, असं वाटलं. बायकोला म्हणालो, चल, तुझ्या आईकडे राहून येऊ चार दिवस. ती माझ्याकडे बघतच राहिली.

आठवडा झाला नसेल. दुपारी जेवून उठलो होतो, आणि प्रमोदचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका तो भरभर बोलत होता. भंगारवाल्यानं तो माल अकोल्यालाच आणला होता आणि प्रोसेसर काढून दे म्हणून प्रमोदच्याच दुकानात टाकला होता. भंगारच ते, बिघडलं तरी कुणाचं काही जाणार नाही, म्हणून त्यानं इतक्या वर्षांनी हात लावला. मशिनींवर आमचे रंगानं घातलेले नंबर तसेच होते. एकोणीसच्या पुढच्या सगळ्या अलगद निघाल्या. आणि पहिल्या लाइनीतली एकही निघाली नाही.

"भाऊ, माह्या हाताची चूक नव्हती! आयकून राहिला ना? त्या साऱ्या चिकटवेल हायेत. गोंद हाये तो, पेस्ट नाईच. मी बायकोले आताच सांगितलं, ते रडून राहिली." आणि मग, "नळ्याच चुकीच्या धाडल्या त्यायनं. तुलेबी फसवलं. तुले मालूम होतं काय बे?"

दार उघडं होतं. आणखी किती उघडं असायला हवं? नऊ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की त्यानं विचारलं तर सांगेन.

मी म्हणालो, "नाई रे. मले काय मालूम? आपल्या दोघांलेही फसवलं पाह्य."

तो म्हणाला, "मले माईतच होतं. तुले मालूम असतं तं तू बोलला असता."

आता तो प्रोसेसरचं काम परत करतो. गिऱ्हाइकं वाढली आहेत म्हणतो. दर आठ-पंधरा दिवसांनी फोन करतो, अकोल्याला ये म्हणतो, माझा हात बघ म्हणतो. मी खरं सांगितलं तर त्याचं काही बिघडत नाही. त्याचे हात निर्दोष ते निर्दोषच राहतील, दुकान चालायचं ते चालेल. बिघडेल ते फक्त माझं — त्याच्या नजरेतलं माझं. म्हणून सांगत नाही. दुसरं कारण नाही, मी शोधून पाहिलं.

काल पुन्हा त्याचा फोन आला होता. मी उचलला. गप्पा मारल्या. हसलोसुद्धा.