शेराचे गोऱ्हे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की धानाचं काहीतरी बोलून मी उठतो. आज उठणार नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मोहाडीजवळच्या आमच्या गावात मी सांड पाळायचो. शंकरपटाचा — बैलांच्या शर्यतीचा — तेव्हा आमच्याकडे मोठा नाद. माझा शेरा पांढराशुभ्र, छातीनं रुंद. घरच्या निवडक गाई त्याच्याकडून फळवायच्या आणि गोऱ्हे पटासाठी विकायचे. इतरांच्या दुप्पट भाव मी घेई. शेराचं बी म्हणून लोक देतही.

मग त्याचा पहिला गोऱ्हा तीन वर्षांचा झाला. सकाळी उठला की मागचा पाय आखडायचा, मागे ताठ राहायचा. चार पावलं फरफटल्यावर खटकन सुटायचा. मार लागला असेल, म्हटलं. दुसऱ्यालाही तेच झालं तेव्हा — तेव्हा काय म्हणायचं राहिलं होतं? खोट शेरातच होती. त्याच दिवशी त्याला खच्ची करून नांगराला जुंपायला हवं होतं. मी काय केलं? ते दोन्ही गोऱ्हे हिंडवून, पाय मोकळे करून, लांबच्या बाजारात काढले. शेराकडे गाई येतच राहिल्या.

करडी गावचा दशरथ माझा मावसभाऊ. त्यानं दीड वर्षाचा गोऱ्हा पसंत केला, पायांवरून हात फिरवला आणि विचारलं, काही कसर तर नाही ना?

"माया घरचं बी हाय," मी म्हणालो. "डोये झाकून ने."

सांगता आलं असतं. तेवढं एक वाक्य होतं.

दोन वर्षांनी दशरथनं तो पटात उतरवला. मी काठावर उभा होतो. जोडी सुसाट निघाली — आणि निम्म्या वाटेत त्याचा मागचा पाय ताठला. छकडा उलटला. दशरथची मांडी मोडली.

पण माझा गुन्हा एवढाच असता तर कदाचित मी कधीतरी बोललो असतो. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी त्याच्या खाटेशी बसलो होतो.

"मीच चुकलो, भाऊ," तो म्हणाला. "लवकर पळवलं त्याले. तुया जनावरात खोट नाही, सगळ्यायले सांगून राहिलो मी."

मी काय म्हणालो असेन?

"हो," मी म्हणालो. "घाई केली तू."

त्यानं मान हलवली. त्याला पटलं होतं.

तो पाय पुन्हा सरळ झाला नाही. धानाच्या बांधीतल्या चिखलात त्याला उभं राहता येईना. रोवणीला त्याची बायको एकटी उतरू लागली. आणि तो मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, शेराचं बी चांगलं, चूक माझी. त्याच्या शब्दावर करडीचे आणखी दोघे माझ्याकडे आले.

मी त्यांना गोऱ्हे दिले. दुप्पट भावानं.