सड्याची जागा

जुनवानीच्या मोकळ्या मैदानावर पूर्वी मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या. धूळ फार उडायची, म्हणून आम्ही आसपासच्या बायका सकाळीच बादल्या घेऊन जायचो आणि अंगणात घालतो तसा वळणावर सडा घालायचो. जिने सडा घातला तिची जागा दोरीपाशी, अगदी पुढे, हे ठरलेलंच होतं. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण तिथे मी पोटभर ओरडायची. इंजिनांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

यंदा पुन्हा शर्यत भरली, पण भोवती पत्र्याचं कुंपण आणि आत फक्त पासवाले.

सून म्हणाली, "आई, उन्हात काहून जाता? मोबाइलवर दाखवून राहिले ना."

"मोबाइलमधून धूळ उडते का वं?" मी म्हटलं आणि बादली भरून निघाले.

फाटकावरच्या गार्डने पास मागितला. मी बादली पुढे केली.

"ये क्या है, अम्मा?"

"आमच्या वेळचा पास."

तो हसला, पण आत सोडलं नाही. मी कुंपणाच्या कडेने वळणापाशी गेले. पाणी तिथेच बाहेर शिंपडलं, बादली पालथी घातली आणि तिच्यावर चढले. पत्र्यावरून वळण दिसत होतं. गाड्या आल्या, धूळ तोंडावर आली, मी ओरडले.

गार्ड धावत आला. "अम्मा, नीचे उतरो!"

गाड्या पुढे गेल्या होत्या आणि सगळं शांत होतं. आतली खुर्च्यांवरची माणसं माझ्याकडे वळून बघत होती.

"नाही उतरत," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू गेलं.