भावोजींचे दोन तारे

१९९८ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो, आणि आकाशाची माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतकी काळजी वाहणारा माणूस कावेरीच्या दोन्ही काठांना दुसरा नव्हता, हे मी कुणापुढेही सांगेन. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले हे भावोजी रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन, आमच्या गावच्या जुन्या मराठा राजवाड्यामागे मी वीणा घडवायचो त्या पडवीत येत, फणसाच्या एका ओंडक्यावर बसत आणि सुरू होत. तो ओंडका मी अजून करवतीला लावलेला नाही. विषय एकच, दोन मेलेले तारे. चमचाभर उचलायला जाल तर डोंगराचं वजन. एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि आदळतात. आधी सगळ्या पोकळीला थरथर सुटते, पाठोपाठ उजेडाचा लोळ. "तू वीणेच्या लाकडावर तळवा ठेवतोस ना, तशी ती थरथर. पण ती ओळखणारा हात अजून जगात कुणापाशी नाही. यंत्रं बांधतायत. उजेड मात्र दिसेल, आणि मागे कित्येक दिवस धग राहील!" मी तिसरीत शाळा सोडलेला, पण कुणापुढे मान खाली घालणाऱ्यातला नव्हे. रंधा न थांबवता म्हणायचो, "कळलं."

लग्नाच्या पंगतीत तर त्यांच्या शेजारी बसायची सोय नव्हती. केळीच्या पानावर बुंदीचे दोन लाडू एकमेकांभोवती फिरवून असे आपटत, की चुरा शेजारच्याच्या सांबारात. "असल्याच चुऱ्यात जगातलं सोनं तयार होत असावं!"

"मग माझ्या पाटल्या तिथूनच आणा," अक्का म्हणायची.

एकदा स्वतःचे लाडू फुटून संपले म्हणून त्यांनी व्याह्यांच्या पानातले उचलले.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींच्या मेळाव्यात त्यांना तासभर बोलायला दिलं. भावोजींनी सहा महिने तयारी केली. बोलून झाल्यावर घाम पुसत, मोठ्या आशेने त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" आता आमच्या लोकांची रीत अशी, की भर सभेत शंका काढणं म्हणजे बोलणाऱ्याचा अपमान. त्याला नीट सांगता आलं नाही, असं म्हटल्यासारखं होतं. सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या. एक वकील म्हणाले, "सगळं कळलं, सार. एकदम क्लियर." आणि पहिल्या रांगेतून सर्वांत मोठा आवाज माझा, "कळलं!"

परतताना रिक्षात भावोजींनी भाषणाचे कागद घडी करून खिशात घातले. मग म्हणाले, "सगळ्यांना सगळं कळलं. म्हणजे माझं इथलं काम संपलं. मुलगा मद्रासला कधीचा बोलावतोय. जातो उद्या." अक्का बाहेर बघत राहिली. बोलताना त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. लाकूड हाताळण्यात जन्म गेलेला माणूस मी, ती थरथर मला बरोबर कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयुष्यात प्रथमच मी माझा कॉफीचा पेला घेऊन त्यांच्या दारात गेलो. अक्का ट्रंकेत धोतरं भरत होती. उंबऱ्याशीच बसलो आणि चौसष्ट वर्षांत कुणापुढे न काढलेले शब्द काढले, "भावोजी, मला त्यातलं काहीच कळलेलं नाही. पहिल्यापासून सांगा." आणि पानात बांधून आणलेले दोन लाडू त्यांच्यापुढे ठेवले.