चेंडूला हात न लावलेला माणूस

इथे आखातात, आमच्या रिफायनरीत शटडाउनच्या दुरुस्तीकामावर सेफ्टी बघायला एक अमेरिकन आला होता. दारातून आत येताना खांदे तिरपे करावे लागायचे, एवढा रुंद. तरुणपणी अकरा वर्षं तो अमेरिकन फुटबॉल खेळला, पगारी. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळतात तो. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, तरी टाकीचे जिने आमच्याआधी चढायचा. एकेक पायरी, कठडा धरून, तक्रार नाही. मला तो माणूस फार आवडायचा. आमच्यातले काही जण लिफ्ट बंद पडली तरी सिक लीव्ह टाकतात, जाऊ दे.

इथल्या मराठी मंडळाची हिवाळी सहल खैरानला समुद्रकाठच्या शॅलेवर, म्हणजे भाड्याच्या बंगल्यावर, ठरली, तेव्हा प्रमुख पाहुणा म्हणून त्याचं नाव मीच सुचवलं. आता पाहुणा म्हटला की शाल, श्रीफळ आणि परिचय आलाच. श्रीफळ अब्बासियातल्या भारतीय दुकानातून आणलं आणि परिचय माझ्या गळ्यात पडला.

माहिती घ्यायला गेलो तर त्याने आधी वेगळंच सांगितलं. त्याची सोळा वर्षांची मुलगी सुट्टीत येणार होती. एरवी ती आईकडे राहते. त्याने खेळ सोडला तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची. शाळेत मैत्रिणी विचारतात, तुझे वडील काय करायचे, तर तिला सांगता येत नाही, कारण टीव्हीवर त्याचं नाव कुणी घेतच नसे.

"तिच्यासमोर जरा नीट सांग," तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण माझ्याकडे न बघता स्वतःच्या बुटांकडे बघून बोलत होता.

मी विचारलं, टचडाउन किती केले? टचडाउन म्हणजे आपल्या हिशोबात गोल. एकही नाही, म्हणाला. तो लाइनमन. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढ्यात उभं राहायचं आणि त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अडवायचं. स्वतः चेंडूला हात लावायचा नाही.

शून्य गोलवाल्याचा परिचय करायचा कसा? आपल्याकडे सत्काराच्या भाषणात माणूस दोन फूट उंच होतो आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. निवृत्त कारकुनालाही आपण आधारवड करून टाकतो. खैरानला माइक हातात आला आणि मीही शंभर टचडाउन ठोकून दिले. वर पाहुण्यांना कळावं म्हणून तेच इंग्रजीतही सांगितलं. शहाणाच की नाही!

टाळ्या पडल्या. मुलगी मात्र हसली. "माझ्या डॅडच्या हातात चेंडू कधी आलाच नाही," ती जागेवरूनच म्हणाली, "तो नुसता उभा असायचा." सगळे हसले. तोही हसला, पण खांद्यावरची शाल सावरत खाली बघत राहिला. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मला तर कळायलाच हवं होतं. कॉलेजात मी कबड्डी खेळलो, कायम साखळीत. चढाई करणाऱ्याचा फोटो पेपरात यायचा आणि आम्ही सोललेली कोपरं घेऊन घरी जायचो. मी तिथल्या तिथे दोन्ही भाषांत कबूल केलं, की शंभराचा आकडा माझ्या पदरचा. मग सगळ्यांना वाळूवर नेलं. मुलीच्या हातात चेंडू म्हणून श्रीफळच दिलं, तिला बापाच्या मागे उभं केलं आणि आमच्यातल्या तगड्यांना सांगितलं, पाच आकडे मोजेपर्यंत तिला शिवून दाखवा.

पहिला धावला आणि दुसऱ्याच क्षणी बाजूच्या वाळूत बसला. मग दोघे एकदम गेले, त्यांचीही तीच गत. शेवटी मी घुसलो. त्याचा तळहात माझ्या छातीवर टेकला आणि पुढे रस्ताच उरला नाही. मुलगी मागे सरकेल तसा तो सरकत होता, पण वळून एकदाही बघत नव्हता. काय सुरेख उभा होता तो! मला अक्षरशः भरून आलं.

मुलीचं हसणं केव्हाच थांबलं होतं. तो गुडघा धरून वाळूत बसला, तशी तीही शेजारी बसली.

"हे तू अकरा वर्षं केलंस?"

"हो."

"मग तुझ्या मागचा माणूस कधी पडलाच नाही?"

"पडला की," तो म्हणाला आणि सांगायला लागला. कुठलं गाव, पाऊस होता की बर्फ, कोण डावीकडून निसटला, आपलं कुठलं पाऊल उशिरा पडलं. जिंकलेल्या सामन्यांचं अवाक्षर नाही. मागचा माणूस पडला ती प्रत्येक वेळ मात्र त्याला काल घडल्यासारखी पाठ होती. ती मध्ये मध्ये एवढंच विचारायची, मग पुढे?

मी जेवायला बोलवायला गेलो तेव्हा ती त्याला म्हणत होती, "आता शाळेत विचारलं ना, तर मी हे सांगेन."

मी न बोलवताच परत आलो.